प्रेक्षक आधी आले, दारं नंतर बंद झाली : इंग्लंडमधल्या स्त्रियांच्या फुटबॉलबंदीचं प्रकरण

५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या कौन्सिलने एक ठराव मंजूर केला. त्याचा आशय असा : स्त्रियांच्या फुटबॉलबद्दल तक्रारी आल्या आहेत. हा खेळ स्त्रियांना मुळीच योग्य नाही आणि त्याला उत्तेजन मिळता कामा नये, असं कौन्सिलचं ठाम मत आहे. सामन्यांची मिळकत धर्मादाय कामांखेरीज इतरत्र वळवली जाते आणि खर्चाच्या नावाखाली तिचा फार मोठा वाटा जातो, असंही कानावर आलं आहे. सबब, असोसिएशनच्या सदस्य क्लबांना विनंती की, त्यांनी आपली मैदानं अशा सामन्यांना देऊ नयेत.

या ठरावात खेळणाऱ्या स्त्रियांना उद्देशून एकही वाक्य नाही. 'तुम्ही खेळू नका' असा हुकूम त्यात नाही, आणि असोसिएशनला तसा हुकूम काढताही आला नसता, कारण स्त्रियांचे संघ तिचे सदस्यच नव्हते. बोलणं सगळं मैदानाच्या मालकांशी आहे. सुमारे पन्नास वर्षं टिकलेली बंदी या एका विनंतीवर उभी राहिली.

हे प्रकरण सांगताना सहसा 'त्या काळची मानसिकता' असं म्हणून विषय मिटवला जातो. म्हणजे लोकांना बायकांचं फुटबॉल खेळणं रुचत नव्हतं, हळूहळू काळ बदलला, लोक सुधारले आणि मग दारं उघडली. तारखा लावून पाहिल्या की हा क्रम टिकत नाही. लोक आले होते, हजारोंनी आले होते, तिकीट काढून आले होते. दारं त्यानंतर बंद झाली. आणि 'बायकांचं फुटबॉल कोण बघतं?' हा प्रश्न जो पुढे पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला, तो त्या बंद दारांतून निघाला. मला हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं ते यासाठीच.

तोफगोळ्यांच्या कारखान्यात

प्रेस्टन हे लँकशायरमधलं कापडगिरण्यांचं शहर. तिथल्या स्ट्रँड रोडवर 'डिक, कर अँड कंपनी'चा कारखाना होता. डिक आणि कर या दोन स्कॉटिश भागीदारांच्या नावाने चालणाऱ्या या कंपनीत ट्राम आणि रेल्वेची सामग्री तयार व्हायची. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, कारखाना युद्धसामग्रीकडे वळला आणि यंत्रांवर मुली उभ्या राहिल्या. काम जिवावरचं होतं. देशभरातल्या अशा कारखान्यांत स्फोट व्हायचे. टीएनटी हाताळणाऱ्या मुलींची कातडी पिवळी पडायची, म्हणून लोक त्यांना 'कॅनरी' म्हणत.

मधल्या सुट्टीत या मुली कारखान्याच्या आवारात शिकाऊ पोरांबरोबर चेंडू खेळायच्या. त्यातून ग्रेस सिबर्ट या कामगार स्त्रीच्या पुढाकाराने संघ उभा राहिला आणि कचेरीत काम करणाऱ्या अल्फ्रेड फ्रँकलंड यांनी त्याची व्यवस्था हाती घेतली. फ्रँकलंड यांच्याकडे धडाडी होती आणि जाहिरातीची जाणही. जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी निधी उभा करायचा म्हणून त्यांनी थेट प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबचं डीपडेल मैदान २० पौंड भाड्याने घेतलं. हा साधासुधा क्लब नव्हता. १८८८-८९ मध्ये झालेली पहिली फुटबॉल लीग एकही सामना न गमावता जिंकणारा तो संघ.

१९१७ च्या नाताळच्या दिवशी डीपडेलवर १० हजार माणसं जमली. डिक, करच्या मुलींनी अरुंडेल कोल्थार्ड फाउंड्रीच्या संघाला ४-० असं हरवलं आणि रुग्णालयाला दोनशे पौंडांहून जास्त रक्कम मिळाली.

हे एकट्या प्रेस्टनमध्ये घडत नव्हतं. ईशान्य इंग्लंडमध्ये दारूगोळा कारखान्यांतल्या मुलींसाठी स्पर्धा सुरू झाली होती. मे १९१८ मध्ये मिडल्सब्रोच्या एअरसम पार्कवर ब्लाइथ स्पार्टन्सच्या मुलींनी तिचा अंतिम सामना ५-० असा जिंकला, तेव्हा २२ हजार लोक पाहत होते.

त्याआधीचाही इतिहास आहे. १८८१ मध्ये स्कॉटलंडमध्ये स्त्रियांचे सामने झाले, त्यातल्या ग्लासगोच्या सामन्यात जमाव मैदानात घुसला आणि खेळ थांबला. १८९५ मध्ये लंडनच्या क्राउच एंडला ब्रिटिश लेडीज फुटबॉल क्लबचा सामना १० हजारांवर लोकांनी पाहिला. १९०२ मध्ये असोसिएशनने आपल्या क्लबांना स्त्रियांच्या संघांविरुद्ध खेळू नका असं बजावलं. म्हणजे असोसिएशनची नाराजी जुनीच. युद्धकाळात ती गप्प बसली, कारण सैनिकांसाठी पैसा गोळा करणाऱ्या मुलींना अडवणं तिला शोभलं नसतं.

गुडिसन पार्क, १९२०

युद्ध संपलं. कारखान्यांतल्या जागा परतलेल्या पुरुषांना मिळाल्या, लाखो बायका घरी पाठवल्या गेल्या. रिवाजाप्रमाणे फुटबॉलही तिथेच संपायला हवं होतं. ते वाढलं.

१९२० च्या वसंतात फ्रान्सहून स्त्रियांचा संघ आला. त्याला घेऊन येणाऱ्या होत्या आलिस मिलिया. याच बाईंनी पुढे, ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना धावण्या-उड्यांच्या स्पर्धांत घेत नाहीत म्हणून, १९२२ मध्ये पॅरिसला स्त्रियांची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरवली. फ्रेंच मुलींचे प्रेस्टन, स्टॉकपोर्ट, मँचेस्टर आणि लंडन असे चार सामने झाले. पहिल्याच सामन्याला डीपडेलवर २५ हजार लोक होते. शरदात डिक, करचा संघ फ्रान्सला जाऊन खेळून आला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डीपडेलवर रात्रीचा सामना झाला. त्यासाठी विमानविरोधी दलाचे दोन प्रकाशझोत हवे होते आणि त्यांची परवानगी युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्याकडून मिळवावी लागली. चेंडू दिसावा म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. हिवाळ्याच्या त्या रात्री १२ हजार लोक आले. निधी बेकार माजी सैनिकांसाठी होता.

आणि मग २६ डिसेंबर. लिव्हरपूलचं गुडिसन पार्क, एव्हर्टन क्लबचं घर. समोर सेंट हेलेन्सचा संघ. आत ५३ हजार प्रेक्षक आणि बाहेर जागा न मिळालेले आणखी हजारो. आपलं वानखेडे काठोकाठ भरलं तरी साधारण ३३ हजार माणसं मावतात; त्यावरून अंदाज यावा. नेहमीची सेंटर फॉरवर्ड फ्लॉरी रेडफर्ड हिची गाडी चुकली होती. उत्तरार्धात कर्णधार अ‍ॅलिस केल बचावफळी सोडून पुढे आली आणि तिने हॅटट्रिक केली. सामना ४-० सुटला, ३,११५ पौंड जमले. जगात कुठेही स्त्रियांच्या क्लब सामन्याला याहून जास्त गर्दी जमायला पुढे २०१९ साल उजाडावं लागलं, ते माद्रिदमध्ये.

या संघात डाव्या बगलेला लिली पार खेळायची. सेंट हेलेन्सच्या कामगार वस्तीतली, भावांबरोबर रस्त्यावर खेळून तयार झालेली, उंच आणि दणकट पोर. गुडिसनच्या सामन्यावेळी ती १५ वर्षांची होती. तिच्या डाव्या पायाच्या फटक्याची ताकद हा त्या काळी कौतुकाचा विषय होता. फ्रँकलंड चांगली खेळणारी मुलगी दिसली की तिला कारखान्यात नोकरी देऊ करायचे. पारही तशीच आली. सामन्यासाठी जेवढा खाडा पडेल त्याची भरपाई म्हणून मुलींना दहा शिलिंग मिळत.

१९२१ साली या एका संघाने ६७ सामने खेळले, तेही नोकरी सांभाळून. देशात तोवर दीडशेच्या आसपास स्त्रियांचे संघ होते.

तक्रारींची तपासणी

ठरावात दोन कारणं दिली आहेत : शरीर आणि पैसा.

शरीराचं कारण डॉक्टरांच्या तोंडून आलं आणि त्यातली सर्वांत वजनदार साक्ष एका स्त्रीची होती. लंडनमधल्या नामवंत डॉक्टरांच्या हार्ले स्ट्रीटवर व्यवसाय करणाऱ्या डॉ. मेरी शार्लिब यांनी फुटबॉल हा स्त्रीच्या शरीराला न झेपणारा, अत्यंत अयोग्य खेळ असल्याचं मत दिलं. शार्लिब कोण होत्या, हे भारतीय वाचकाला माहीत असायला हवं. त्या बॅरिस्टर पतीबरोबर मद्रासला राहायला आल्या, पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही म्हणून मरणाऱ्या बाया त्यांनी पाहिल्या आणि १८७५ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजने प्रथमच ज्या चार स्त्रियांना प्रवेश दिला, त्यांतल्या त्या एक होत्या. पुढे लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात त्या शिकल्या, तिथेच त्यांनी शिकवलं. हे तेच विद्यालय, जिथून आपल्या डॉ. रखमाबाई डॉक्टर होऊन परतल्या. मद्रासमध्ये स्त्रियांसाठी रुग्णालय उभारणाऱ्यांत शार्लिब आघाडीवर होत्या.

वैद्यक बायकांना झेपणार नाही, हे वाक्य ज्या बाईंनी आयुष्यभर खोटं पाडलं, त्यांनीच फुटबॉलबद्दल तेच वाक्य उच्चारलं. यात मला त्यांचा ढोंगीपणा दिसत नाही. त्या पिढीतल्या शिकलेल्या स्त्रियांनी एक सौदा केलेला होता : आम्हाला बुद्धीचं क्षेत्र खुलं करा, मातृत्वाला धक्का लागणार नाही याची हमी आम्ही देतो. गर्भाशयाची काळजी हा त्या हमीचा भाग होता. गिरणीतल्या मुलीला या सौद्यात कुणी विचारलंच नव्हतं. दिवसाचे दहा-दहा तास यंत्रावर उभं राहताना, तोफगोळे उचलताना तिच्या गर्भाशयाची चिंता कुणाला पडली नव्हती. दीड तास चेंडूमागे धावू लागल्यावर ती पडली.

आर्सेनलचे व्यवस्थापक लेस्ली नाइटन यांनी तर उघडच म्हटलं की, पुरुषांना बसतात तसे धक्के मुलींना बसले तर आईपणाच्या त्यांच्या भावी कर्तव्यांत बाधा येईल. यावर फ्रँकलंड यांनी डॉक्टरांना सामना पाहायलाच बोलावलं. आलेल्यांपैकी डॉ. मेरी लॉरी यांनी खेळ पाहून सांगितलं : दिवसभर धुणं धुताना बाईला जेवढी इजा होऊ शकते, त्याहून जास्त काही यात होणार नाही. संपूर्ण वादात प्रत्यक्ष खेळ बघून दिलेलं वैद्यकीय मत म्हणून मला हे एकच वाक्य महत्त्वाचं वाटतं.

आता पैसा. इथे जरा सबुरीने बोलायला हवं, कारण ही तक्रार अगदीच हवेतली नव्हती. धर्मादाय सामन्यांची संख्या झपाट्याने वाढली होती, आयोजक अनेक होते, हिशेब ठेवण्याची एकसारखी पद्धत नव्हती. प्रवास, मुक्काम, जेवण यावर किती जातं आणि रुग्णालयापर्यंत किती पोहोचतं, हे विचारण्यात गैर काहीच नाही. पण हिशेबाचा गोंधळ असेल तर उपाय हिशेबतपासणी हा असतो. खुद्द असोसिएशनने पुरुषांच्या फुटबॉलमध्ये १८८५ साली व्यावसायिकता मान्य केली होती आणि या सुमारास पुरुष खेळाडूला आठवड्याला नऊ पौंडांपर्यंत पगार मिळू शकत होता. दहा शिलिंग म्हणजे अर्धा पौंड. अ‍ॅलिस केलने तेव्हाच याचं उत्तर दिलं होतं : देशभर सामने खेळायला जायचं तर कामावर खाडा पडणार, आणि तो तोटा सोसणं कामगार मुलींना परवडण्यासारखं नाही. धर्मादाय काम हौशीनेच करावं, पदरमोड करून करावं, ही अपेक्षा ज्यांच्या घरी चूल दुसऱ्याच्या कमाईवर पेटते त्यांच्यासाठी ठीक आहे.

ठरावात न लिहिलेली कारणंही होती. १९२० मध्ये फुटबॉल लीगने तिसरी श्रेणी सुरू केली, १९२१ मध्ये तिची उत्तर शाखा आली. छोट्या शहरांतले डझनावारी क्लब नव्याने व्यावसायिक सामने भरवू लागले होते आणि त्यांना तिकीटविक्रीची गरज होती. लँकशायर-यॉर्कशायरच्या कामगाराच्या खिशातली तीच नाणी दोघांनाही हवी होती.

आणखी एक धागा खाणकामगारांचा आहे. एप्रिल १९२१ मध्ये खाणमालकांनी मजुरी कमी करून टाळेबंदी लादली आणि ती उन्हाळ्यापर्यंत चालली. खाणींच्या गावांत उपासमार सुरू झाली, तेव्हा स्त्रियांच्या संघांनी त्या कुटुंबांसाठी सामने खेळून पैसे जमवले. जखमी सैनिकाला मदत करणं देशभक्ती होती. मालकांशी भांडणाऱ्या खाणकामगाराच्या पोरांना जेवू घालणं ही बाजू घेणं होतं. काही अभ्यासक बंदीमागे हे मोठं कारण मानतात. मला ते शक्य वाटतं, पण एकट्या त्यावर भार टाकण्याची गरज वाटत नाही. मधल्या वर्गाची सभ्यतेची कल्पना, क्लबांचा गल्ला, कामगारांबद्दलचा संशय आणि आपल्या हुकमाबाहेर वाढणाऱ्या खेळाची धास्ती, हे सगळं एका टेबलाभोवती बसलं होतं. त्या टेबलावर एकही स्त्री नव्हती आणि गुडिसनचे ५३ हजारही नव्हते.

प्लिमथच्या स्त्रियांच्या संघाच्या कर्णधाराने त्याच आठवड्यांत निकाल देऊन टाकला : असोसिएशन शंभर वर्षं मागे आहे आणि हा निव्वळ स्त्रियांबद्दलचा आकस आहे.

बंदी राबली कशी

मुलींनी खेळणं सोडलं नाही. ठरावानंतर पाच दिवसांत ब्लॅकबर्नला बैठक होऊन इंग्लिश लेडीज फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. १९२२ मध्ये तिने चषक स्पर्धा भरवली आणि स्टोकच्या संघाने ती जिंकली. डिक, करचा संघ त्याच वर्षी जहाजाने कॅनडाला निघाला. तिथल्या फुटबॉल संघटनेने खेळू दिलं नाही, म्हणून तो अमेरिकेत गेला आणि पुरुषांच्या संघांविरुद्ध खेळला. त्यांतले काही सामने त्यांनी जिंकलेही.

तरीही बंदी यशस्वी ठरली. ती कशी, हे समजून घेण्यासाठी क्लबाचं मैदान म्हणजे काय असतं ते लक्षात घ्यावं लागतं. चारी बाजूंनी भिंत असते, आत शिरायला फाटक असतं, म्हणून तिकीट लावता येतं. बसायला-उभं राहायला पायऱ्या असतात. कपडे बदलायला खोल्या, अंघोळीला पाणी असतं. वार्ताहरांना जागा असते. गाडीच्या स्थानकापासून तिथवरचा रस्ता शहराला पाठ असतो. हे सगळं काढून घेतलं आणि उघड्या बागेत खेळायला सांगितलं, तर खेळ तोच राहतो, पण तिकीट जातं. तिकीट गेलं की रुग्णालयाला द्यायला पैसा नाही. पैसा नाही म्हणून महापौर चेंडूला पहिली लाथ मारायला येत नाहीत, महापौर नाहीत म्हणून वर्तमानपत्रात छायाचित्र नाही. दोन-चार वर्षांत शहराला विसर पडतो की, आपल्याकडे असं काही होत असे.

मैदानापाठोपाठ माणसं तुटली. असोसिएशनच्या नोंदणीकृत पंचांना आणि लाइन्समनना स्त्रियांच्या सामन्यांत काम करणं अवघड झालं. हा धाक किती काळ टिकला, त्याचं एक उदाहरण : १९४७ मध्ये केंट परगण्याच्या असोसिएशनने स्त्रियांच्या संघाशी संबंध ठेवल्याबद्दल एका पंचाला निलंबित केलं. ठरावाला तोवर पाव शतक लोटलं होतं आणि दुसरं महायुद्धही होऊन गेलं होतं.

दरम्यान कंपनी इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये विलीन झाली होती. १९२६ मध्ये फ्रँकलंड यांचं कंपनीशी बिनसलं आणि संघ 'प्रेस्टन लेडीज' नावाने स्वतःच्या बळावर चालू लागला. लिली पार आणि तिच्या अनेक सहकारी व्हिटिंगहॅमच्या मनोरुग्णालयात परिचारिका म्हणून काम करत आणि सुट्टीत खेळत. पार १९५१ पर्यंत खेळत राहिली. मँचेस्टरला १९४९ मध्ये कोरिंथियन्स नावाचा स्त्रियांचा संघ निघाला. तो फॉग लेन पार्क या सार्वजनिक बागेत खेळायचा, आणि हाच संघ परदेशात, पोर्तुगाल आणि दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या स्टेडियमांत गर्दीसमोर खेळून यायचा. घरी बाग, परदेशात स्टेडियम. प्रेक्षकांची वानवा कुठे होती आणि कुठे तयार केली गेली, हे त्या संघाच्या प्रवासातच दिसतं. प्रेस्टन लेडीज मात्र १९६५ मध्ये थांबला. नव्या मुली मिळेनात, सामने मिळेनात.

इंग्लंडचं उदाहरण इतरांनी गिरवलं असं सरळ म्हणता येणार नाही, प्रत्येकाची आपली कारणं होती, पण यादी लांबलचक आहे. ब्राझीलमध्ये १९४१ मध्ये सरकारी हुकमाने स्त्रियांच्या 'प्रकृतीशी विसंगत' खेळांवर बंदी आली आणि ती १९७९ पर्यंत चालली. पश्चिम जर्मनीच्या संघटनेने १९५५ मध्ये आपल्या क्लबांना मनाई केली, ती १९७० मध्ये उठवली. तिथेही हत्यार तेच होतं : मैदान देऊ नका.

दार उघडताना

१९६६ चा पुरुषांचा विश्वचषक इंग्लंडने घरच्या मैदानावर जिंकला आणि मुलींमध्येही खेळाची नवी लाट आली. १९६९ मध्ये विमेन्स फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. जुना ठराव मागे घेण्याची प्रक्रिया १९७० मध्ये सुरू होऊन १९७१ पर्यंत पुरी झाली. त्याच सुमारास युरोपच्या संघटनेतल्या देशांनी स्त्रियांचं फुटबॉल आपल्या छत्राखाली घेण्याच्या बाजूने कौल दिला; विरोधात मत देणारा एकच देश होता, स्कॉटलंड.

या वळणाचं श्रेय 'बदललेल्या मानसिकते'ला देण्याआधी १९७१ चं मेक्सिको पाहावं. अधिकृत संघटनांना बाजूला ठेवून तिथे स्त्रियांची जागतिक स्पर्धा झाली. अ‍ॅझ्टेका स्टेडियममध्ये अंतिम सामन्याला सुमारे १ लाख १० हजार प्रेक्षक होते आणि डेन्मार्कने मेक्सिकोला ३-० असं हरवलं. तिन्ही गोल पंधरा वर्षांच्या सुझान ऑगस्टेसनने केले. मोठी मैदानं उघडली की ती भरतात, हे व्यापाऱ्यांनी ओळखलं होतं. आपण हात आखडता घेतला तर दुसरेच कुणी हा खेळ चालवतील, ही जाणीव संघटनांना झाली. या स्पर्धेला इंग्लंडमधून हॅरी बॅट यांनी मुलींचा संघ नेला होता. परतल्यावर त्या मुलींवर खेळबंदीची कारवाई झाली. म्हणजे दार उघडणाऱ्यांनीही उंबऱ्यावर कोण येणार हे स्वतःच ठरवायचा हक्क सोडला नाही.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. १८ नोव्हेंबर १९७२ रोजी ग्रीनॉकला इंग्लंडच्या स्त्रियांनी पहिल्या अधिकृत सामन्यात स्कॉटलंडला ३-२ असं हरवलं. कर्णधार होती शीला पार्कर. किशोरवयात ती प्रेस्टनच्या त्याच संघातून, डिक, करच्या मुलींकडून, खेळायला शिकली होती. तो संघ १९६५ ऐवजी १९५५ मध्येच संपला असता तर हा धागाही उरला नसता. १९९३ मध्ये फुटबॉल असोसिएशनने स्त्रियांच्या खेळाची सूत्रं थेट हाती घेतली. २००८ मध्ये तिने १९२१ च्या बंदीबद्दल माफी मागितली. ३१ जुलै २०२२ रोजी युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने जर्मनीला २-१ असं हरवलं तेव्हा वेम्बलीवर ८७,१९२ प्रेक्षक होते.

भारतात असा बंदीचा ठराव झाला नाही, पण वेगळ्या चुलीची गोष्ट आपल्याकडेही आहे. १९७५ मध्ये स्त्रियांच्या फुटबॉलसाठी स्वतंत्र महासंघ स्थापन झाला आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या बाहेर राहून त्याने राष्ट्रीय स्पर्धा भरवल्या. त्या काळात भारतीय संघ आशियाई स्पर्धेत दोनदा उपविजेता ठरला. मुख्य महासंघाने हा खेळ आपल्याकडे घेतला तो नव्वदच्या दशकात. २०२२ मध्ये आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला, तर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने नवी मुंबई, मडगाव आणि भुवनेश्वरला झाले. आशियाई चषकात यजमान भारतीय संघाला कोविडमुळे स्पर्धा अर्ध्यावर सोडावी लागली, ही चुटपुट अजून जात नाही. पण मैदानं मिळाली, चांगली मिळाली, हे नोंदवायला हवं.

उरलेला हिशेब

माफीने काय परत येतं, हे तपासणं या प्रकरणात सर्वांत अवघड आहे. लिली पारला २००२ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने आपल्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान दिलं. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री. संग्रहालय तेव्हा डीपडेललाच होतं. पुढे ते मँचेस्टरला गेलं आणि २०१९ मध्ये तिथे तिचा पुतळा उभा राहिला. ती १९७८ मध्येच गेली होती. बंदी उठलेली तिने पाहिली, तेव्हा तिचं वय पासष्टीच्या पुढे होतं.

नुकसान व्यक्तींपुरतं नव्हतं. १९२१ मध्ये जे दीडशे संघ होते, त्यांना आपापल्या शहरात मैदान मिळत राहिलं असतं, तर पन्नास वर्षांत प्रशिक्षक तयार झाले असते, मुलींच्या शाळांत खेळ गेला असता, आईने पाहिलेला सामना लेकीला सांगितला असता. यातलं काही झालं नाही आणि १९७१ नंतर सगळं पायापासून बांधावं लागलं. आज स्त्री खेळाडूंना पुरुषांपेक्षा कमी पैसे का, असा प्रश्न निघाला की बाजाराचं उत्तर मिळतं : प्रेक्षक जितके, पैसा तितका. या उत्तरातून अर्धं शतक सोयीने गाळलेलं असतं. एकाला शंभर वर्षं सलग दुकान चालवू दिलं आणि दुसरीच्या दुकानाला पन्नास वर्षं कुलूप लावलं, मग दोघांच्या गल्ल्याची तुलना करून कर्तबगारी ठरवायची, हा न्याय मला मान्य नाही.

२०२२ मध्ये असोसिएशनने इंग्लंडकडून खेळलेल्या प्रत्येक स्त्री खेळाडूला पदार्पणाच्या क्रमाने क्रमांक दिला. मोजणी १९७२ च्या ग्रीनॉकच्या सामन्यापासून सुरू होते. नियमाने पाहिलं तर ते बरोबरच आहे. त्याआधीचा एकही सामना असोसिएशनच्या दप्तरी अधिकृत नाही. तो अधिकृत नाही कारण असोसिएशनने तो आपला मानलाच नाही. १९२० मध्ये फ्रान्सविरुद्ध डीपडेलला उतरलेल्या अकरा मुलींसाठी त्या यादीच्या वर एक वेगळं पान जोडता येईल. त्यांची नावं सापडतात, सामन्याची तारीख सापडते, गोलांची नोंद आहे, आणि साक्षीदार पंचवीस हजार आहेत.